चार दिवसांची झाशी आणि एक मंगळवार

“गाडी नगरा मोहल्ल्यातून न्यायची नाही,” पुराणिक म्हणाले. “मुलीला आधी किल्ला दिसला पाहिजे.”

“तुमचं घर नगऱ्यातच आहे,” मी म्हटलं.

“ते संध्याकाळी दाखवू. दिवे लागल्यावर.”

आमच्या ऑफिसात असे हट्ट नवे नाहीत. झाशी स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी बावीस वर्षं लँड पार्ट बघते. लँड पार्ट म्हणजे पाहुणा स्टेशनवर उतरल्यापासून पुन्हा गाडीत बसेपर्यंतचं सगळं. हॉटेल, टॅक्सी, गाइड, जेवण. पण झाशीतल्याच माणसाने झाशीचीच सहल मागायला येणं पहिल्यांदाच घडत होतं.

भानगड अशी होती. पुराणिकांचा मुलगा समीर रेल्वे वर्कशॉपमध्ये इंजिनिअर. पुण्याची सायली फिजिओथेरपिस्ट. पुण्यात दोनदा भेटले, पुढे फोनवर चार महिने बोलले. एकमेकांना पसंत होते. प्रश्न एकच होता. समीरची नोकरी इथली, बदली होण्यासारखी नाही. तर सायली झाशीत राहायला येईल का? ती म्हणाली, आधी गाव बघते, मग सांगते. सव्वीस जानेवारी त्या वर्षी शुक्रवारी आली होती. शुक्रवार ते सोमवार, आई आणि मुलगी येणार. मुलगी ‘नाही’ म्हणाली तर स्थळ मोडलं.

पुराणिक जुन्या झाशीकर मराठी घराण्यातले. पूर्वज पेशव्यांच्या वेळी कारकुनीला आले आणि इथलेच झाले. अशा घरांना एक धास्ती असते. पुण्याची माणसं आपल्याला अर्धेमुर्धे मराठी समजतील ही. म्हणून त्यांची यादी तयार होती. गणपतीच्या देवळात आरती. जेवायला पुरणपोळी. कुणी हिंदी बोलायचं नाही. आणि ड्रायव्हर मराठी हवा.

“झाशीत मराठी बोलणारा ड्रायव्हर नाही,” मी म्हटलं. “रफीक भैया आहेत. ते बोलतच नाहीत, तेवढं चालेल का?”

चाललं.

आमचे मालक गुप्ताजी केबिनमधून ऐकत होते. पुराणिक गेल्यावर म्हणाले, “मॅडम, इसमें कमीशन लेंगे या शगुन?”

मी म्हटलं, कमिशन. लग्न असो नाहीतर पिकनिक, गाडीला डिझेल तेवढंच लागतं.

मी प्लॅन केला आणि चांगला केला, हे सांगायला हरकत नाही. माझ्या कामात जागेपेक्षा उजेडाला महत्त्व असतं. किल्ल्याच्या तटावर ऊन कधी येतं, कुठल्या बुरुजावरून शहर धुरकट निळं दिसतं, हे मी पायाने जाऊन बघून ठेवलेलं आहे. ओरछा इथून जेमतेम अर्धा-पाऊण तास. तिथे बेतवा नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या काठावर बसायचं. समोर तिथल्या राजांची स्मारकं आहेत, त्यांना छत्र्या म्हणतात. जानेवारीत साधारण पाचला त्या छत्र्या मधासारख्या होतात आणि अख्ख्या पाण्यात उतरतात. वर गिधाडं बसलेली असतात, तीसुद्धा सुंदर दिसतात. मी पाहुण्यांना बरोबर पावणेपाचला तिथे पोचवते आणि गाइडला गप्प बसायला सांगते. बाकीचं काम नदी करते.

प्रत्येक दिवसात दोन तास बफर ठेवला. बफर म्हणजे मुद्दाम मोकळा ठेवलेला वेळ, काही बिघडलं तर खर्चायला.

पहिल्याच दिवशी तो पुरला नाही. धुक्यामुळे दुपारी दोनची गाडी सहाला आली. पुराणिक प्लॅटफॉर्मवर चार तास नव्या कोटात उभे. सायली उतरली तेव्हा त्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “प्रवास सुखरूप झाला ना?” सायली म्हणाली, “सुखरूप झाला काका, वेळेत नाही झाला.” आई अनुराधाबाई हसल्या. पुराणिकांना हसावं की नाही कळेना.

पण धुक्याने माझं कामही केलं. आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी आलो तेव्हा खालचं शहर, रस्ता, हातगाड्या, काहीच दिसत नव्हतं. वर फक्त तट होता, सव्वीस जानेवारीच्या तिरंगी दिव्यांत, कशावरही न टेकलेला. रफीक भैयांनी न सांगता गाडी थांबवली. अनुराधाबाईंनी पदर सावरून हात जोडले. बावीस वर्षांत किल्ला मला एवढा चांगला दिसला नव्हता, आणि त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

शनिवारी ओरछा. पावणेपाचला काठावर. छत्र्या पाण्यात उतरल्या. सायली बूट काढून दगडावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं, तरी काढले नाहीत. समीर शेजारी उभा राहून म्हणाला, “हा परिसर अत्यंत रमणीय आहे.”

सायली म्हणाली, “फोनवर तू असा बोलत नाहीस.”

“बाबांनी सांगितलंय,” तो म्हणाला.

रविवारी गाव. राणीमहाल, गणपतीची आरती, पुरणपोळी. सगळं वेळेवर. दर दोन तासांनी पुराणिकांचा फोन.

“काय म्हणाली?”

“छान आहे म्हणाली.”

“किती वेळा?”

मी मोजलं नव्हतं. तरी सहा सांगितलं.

दिवेलागणीला पुराणिकांच्या घरी चहा झाला. नगऱ्याच्या गल्लीचं जेवढं दिसलं तेवढं दिव्यांच्या उजेडात. हॉटेलवर परत सोडताना सायलीने मला लॉबीत थांबवलं. माझी आयटिनररी, म्हणजे दिवसवार प्लॅनचा कागद, तिच्या हातात होती.

“ताई, फार सुंदर प्लॅन केलात. मी पुण्याला जाऊन मैत्रिणींना सांगेन, झाशीला जाऊन या.”

“मग?”

“मग काही नाही. स्वप्नात फिरल्यासारखे दिवस गेले. पण मी इथे पाहुणी म्हणून येणार नाहीये. तुम्ही मला सुट्टी दाखवलीत. आता एक मंगळवार दाखवा.”

“कसला मंगळवार?”

“कसलाही. त्या दिवशी समीर काय करतो, मी काय करेन, भाजी कुठून आणेन. तिकीट मी बुधवारचं करून घेते. आईला सांगितलंय.”

माझ्याकडे खजुराहो आहे, दतिया आहे, ग्वाल्हेर आहे. मंगळवार नाही.

सोमवारी सकाळी पुराणिक ऑफिसात हजर.

“मंगळवारी काय असतं? मंगळवारी काहीच नसतं!”

“तेच बघायचंय तिला.”

“मग जरा सजवा. समीरला रजा टाकायला सांगतो. वर्कशॉपचा रस्ता टाळा. कुठे तरी बागबीग...”

करता आलं असतं. ठरवलं तर मी मंगळवारचाही रविवार करू शकते, तेच माझं काम आहे. गुप्ताजींनी तर कॅल्क्युलेटर ओढलासुद्धा. पण पोरगी आयुष्याचा हिशेब करायला आली होती आणि मी तिला तीन दिवस फक्त ऊन आणि सावली विकली होती. मी पुराणिकांना म्हटलं, “समीर कामावर जाईल. माझी गाडी मिळणार नाही. आणि तुम्ही घरी नेहमीसारखं राहायचं.”

“नेहमीसारखा म्हणजे कसा?”

“ते मला कसं माहीत असणार?”

मंगळवारी सकाळी साडेसातला मी आणि सायली शेअर ऑटोत बसलो. अनुराधाबाई हॉटेलवरच थांबल्या. “मला नाही राहायचं इथे, मी कशाला थंडीत मरू,” म्हणाल्या. धुकं दाट होतं. वर्कशॉपच्या फाटकाजवळ उतरलो. आधी नुसत्या घंट्या आणि हॉर्न ऐकू आले. मग धुक्यातून माणसं निघायला लागली. सायकली, मोटारसायकली, कानाला मफलर, हँडलला डबा. एकेक जण पांढऱ्यातून बाहेर यायचा आणि फाटकात शिरून पुन्हा पांढरा व्हायचा. त्यात समीर होता. आम्ही तिथे येणार हे त्याला सांगितलेलं नव्हतं. एका जाड्या सहकाऱ्याने त्याची मोटारसायकल अडवून लग्न पक्कं झालं का, ते इथल्या बुंदेलीत विचारलं, “काए इंजीनियर साब, ब्याव पक्को भओ कै नईं?” समीर त्याच्यावर ओरडला, “पैलें तुम रस्ता छोड़ो, ट्रक घाईं ठाड़े हो!” ट्रकसारखा उभा आहेस म्हणे. आणि दोघं पोट धरून हसले.

सायली माझ्या शालीआडून बघत होती. “हा हसतो तर,” एवढंच म्हणाली.

तिथून माझ्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्याकडे फिजिओथेरपीची खोली आहे, माणूस टिकत नाही. बाहेर मोठ, टहरौली अशा गावांकडून पहिल्या बसने आलेले पेशंट बसले होते. डॉक्टरांना मी म्हटलं, ही बघायला आलीये. ते म्हणाले, बघायला कशाला, हात लावा. पाच मिनिटांत सायलीने स्वेटरच्या बाह्या वर केल्या. खांदा आखडलेली एक म्हातारी होती. सायलीने हात वर उचलला तशी ती कडाडली, “धीरें बिन्नू, हमाव हाथ आय, हैंडपंप नइयां.” बिन्नू म्हणजे इकडे पोरीबाळींना लाडाने म्हणतात. सायलीला हसू आवरेना. तिने सॉरी म्हटलं आणि हात आणखी बोटभर वर नेला. म्हातारीने तिच्या आईबापांची चौकशी करत करत तो जाऊ दिला. सायली साडेअकरापर्यंत तिथेच होती. दोनदा लाइट गेली, तेव्हा खिडकी उघडून काम केलं.

दुपारी भाजी घेतली, मटार, आणि पुराणिकांच्या घरी गेलो. न कळवता. गल्लीत पाण्याचा टँकर उभा होता, शेजारी उघडी नाली होती, ती ओलांडायला सायलीने सलवार वर धरली. गच्चीवर ऊन आलं होतं. धुकं फाटून नुसतं सोनेरी ऊन. पुराणिक खाटेवर माकडटोपी घालून, तोंड उघडं टाकून झोपलेले. आमच्या पावलांनी जागे झाले आणि टोपी काढायची धडपड करू लागले.

“झोपा काका,” सायली म्हणाली. “मंगळवार आहे.”

ती चटईवर बसली आणि मटार सोलू लागली. मीही घेतले. पुराणिक काकू खालून परात घेऊन आल्या. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी हिंदीत विचारलं, “भाभीजी, मेहमान?” काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग बिनधास्त उत्तर दिलं, “हाँ भैया, पूना वाली.” खाली यार्डात इंजिन शिट्टी देत होतं. शेंगा फुटत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी माणसांचा वेळ मोजून पगार घेते, पण त्या दुपारी मला घड्याळ बघायचं सुचलं नाही. पुराणिक पुन्हा झोपले, आणि बारीक घोरायला लागले.

चारला ते उठले आणि चहा घेताना त्यांना राहवलं नाही.

“मग बेटा... काय ठरवलंस?”

काकूंनी कप खाली ठेवला. सायलीने सोललेले दाणे एका बाजूला सारले.

“मला आवडलं काका. पण आत्ता हो म्हणत नाही. जानेवारीत कुठलंही गाव चांगलंच दिसतं. जूनमध्ये येऊन बघते.”

पुराणिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की जूनसाठी आमच्याकडे काही नाही. त्या महिन्यात मी लोकांना झाशीबाहेर पाठवते.

ती जूनमध्ये आली. डॉक्टरांच्या त्याच खोलीत बारा दिवस काम केलं. राहायला पुराणिकांच्या वरच्या खोलीत, कूलरसमोर. घामोळं आलं, एकदा उलट्या झाल्या. समीर रोज संध्याकाळी बर्फ घेऊन यायचा आणि वडिलांसमोर हिंदीत बोलायचा. तेराव्या दिवशी तिने हो म्हटलं. एक अट घातली, नोकरी सोडणार नाही. पुराणिक म्हणाले, सोडायला सांगतोय कोण. डिसेंबरात लग्न झालं. हनिमूनचं बुकिंग दोघांनी मोबाइलवर केलं, आमच्याकडे आले नाहीत.

तेव्हापासून कुणी गाव राहण्यासाठी बघायला येत असेल तर लाँग वीकेंडचं बुकिंग मी घेत नाही. आठवड्याच्या मधला दिवस सुचवते, आणि जमलं तर जून. गुप्ताजींचं म्हणणं, त्यात मार्जिन नाही. खरं आहे.