मदनच्या छातीवरचा बिल्ला

विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात मदन उपाध्ये एक्स-रे काढायचा. त्याच्या छातीवर एक बिल्ला असे. अंगावर किती किरणं पडली, ते त्यातल्या फिल्मवरून कळायचं. दर तिमाहीला ती फिल्म तपासायला मुंबईला जाई आणि अहवाल नेहमी चांगला येई. येणारच, बटण दाबताना मदन भिंतीआड असे. रडणारी पोरं घट्ट धरून यंत्रापाशी उभ्या राहत त्या बायडाबाई, दवाखान्यातल्या आया. त्यांना बिल्ला नव्हता.

मदनला ते खुपू लागलं. एका तिमाहीला त्यानं आपला बिल्ला त्यांच्या पदराला लावला.

"आवं मदनभाऊ, मला मेडल दिलं व्हय?"

"असू द्या, मावशी," एवढंच तो म्हणाला.

या वेळी अहवालात किरणं जास्त निघाली. डॉक्टर घाबरले. "मदन, तू महिनाभर घरी राहा. बदली माणूस बघतो."

बायडाबाई कळवळल्या. "जिवाला जपा, भाऊ. पोरं धराया मी हाय की."

मदनला मान वर करवेना.

"डॉक्टर, बिल्ला मावशींच्या अंगावर होता," तो म्हणाला. "आणि सगळं ठाऊक असून त्यांना तिथं मीच उभं करत होतो."