मेहुणीच्या नावावरचा गोल

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या चादरताई कशालाही नाक मुरडत नाहीत. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. रक्ताच्या चादरी एका ढिगात, ओकारीच्या दुसऱ्या ढिगात आणि ज्यांचं नावही जेवणाआधी काढू नये त्या तिसऱ्या ढिगात टाकता टाकता त्या शेजारणीला डब्यात कुठली भाजी आणलीय ते सांगतात. पण फुटबॉल महासंघाचं नाव काढा, की कुणी नाकाखाली उलटीची बादली धरावी तसं तोंड करतात. मी अधूनमधून मुद्दाम काढायचे. शेजारधर्म, दुसरं काय!

खरं सांगते, ताईंची ती गोष्ट मला कित्येक वर्षं थापच वाटायची. "आपल्या बायकांच्या टीमचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल मी मारलाय," असं त्या एकदा जिन्यात म्हणाल्या, तेव्हा त्यांचा नवरा मागून पिशव्या घेऊन चढत होता. तो बस दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला आहे. "हो तर," तो म्हणाला, "आणि पहिलं विमान मी उडवलं." आम्ही सगळ्या फिदीफिदी हसलो. त्या हसण्याची आज मला शिसारी येते, पण हसले होते हे खरं.

झालं होतं ते असं. तीस वर्षांपूर्वी बायकांची राष्ट्रीय टीम पहिल्यांदा परदेशी निघाली. अठरा जणींची निवड झाली, त्यात ताईंचं नाव चौथं आणि शर्टाचा आकडा चौदा. मग विमानाची तिकिटं आली आणि महासंघाच्या सचिवाच्या घरात परदेश बघण्याची हौस उतू गेली. यादीतली तीन नावं रातोरात बदलली. एक खजिनदाराची बहीण, एक संघाच्या डॉक्टरांची भाची आणि चौदा नंबरवर, ताईंच्या जागी, खुद्द सचिवांची मेहुणी. तिने जन्मात कशाला लाथ मारली असेल तर ती घरच्या मांजराला. कोच रडकुंडीला आला, तेव्हा सचिवाने दया दाखवली. "घ्या तिला, कपडे धुणारी म्हणून."

म्हणून आपली सगळ्यात चांगली फॉरवर्ड हॉटेलच्या न्हाणीघरात बसून रोज अठरा शर्ट धूत होती. "पंधरा घामाचे," ताई सांगतात, "आणि तीन अत्तराचे. घाम जातो गं साबणाने. अत्तर जात नाही."

सामन्यात तिथल्या दांडग्या पोरींनी आपल्या पोरींची पार धूळधाण केली. एकेक करत पाच जणींना उचलून बाहेर आणलं. बाकावर उरल्या होत्या त्या तिघी, पायाशी खरेदीच्या पिशव्या घेऊन. कोच मेहुणीला म्हणाला, "ऊठ." ती म्हणाली, "अहो, आत्ताच केस सेट केलेत." कोचने तिला शर्ट काढायला लावला आणि ताईंनी तो टॉवेलांच्या खोलीत अंगात चढवला. पंचाने पाठीवरचा आकडा बघितला, यादीशी जुळवला. चेहरा बघायची तेव्हा कुणाला पडली होती! आपण हरलो तेरा-एक. त्यातला एक ताईंचा. यादीप्रमाणे तो मेहुणीचा. परत आल्यावर मेहुणीचा फोटो पेपरात आला आणि ताईंना महासंघाने दाखला दिला, 'दौऱ्यात संघाचे कपडे समाधानकारकरीत्या धुतले.' त्याच दाखल्यावर पुढे चार वर्षांनी हॉस्पिटलातली नोकरी लागली.

यंदा आपल्या पोरी पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत पोचल्या आणि आपल्याला बायकांचीही टीम आहे, हे महासंघाला अचानक आठवलं. स्टेडियमवर पितळी पाटी लावायचं ठरलं. त्यावर आजवरचा प्रत्येक सामना, गोलसंख्या आणि गोल मारणारीचं नाव. कुणाची हरकत असेल तर लेखी कळवा, असं पेपरात आलं. ताईंनी अर्ज लिहिला, रजा टाकली आणि माझं दार वाजवलं.

"चल. तू तोंडाळ आहेस, उपयोगी पडशील."

महासंघाच्या ऑफिसात पुरुषांचे कप काचेच्या कपाटात, वर दिवे लावलेले. जवळ जाऊन वाचले, तर निम्म्यांवर 'सहभागाबद्दल'. बायकांची फाइल विचारली, तर चष्मेवाला कारकून उठून संडासात गेला. मला वाटलं, माणूस आहे, होतं असं. तर तो तिथल्याच माळ्यावरून खोकं घेऊन आला! अ‍ॅसिडच्या बाटल्यांशेजारी ठेवलेलं, ओल लागून फुगलेलं. फाइल उघडली, तर पानांमध्ये एक झुरळ इस्त्री होऊन पडलेलं. कारकुनाने ते फुंकरीने उडवलं, ते माझ्या पदरावर. शी!

तेव्हाचा सचिव आता अध्यक्ष झालाय. तो किल्लीने कान कोरत होता. किल्लीवर काय आलं ते निरखून बघितलं, टेबलाच्या कडेला पुसलं आणि त्याच बोटांनी ताईंचा अर्ज घेतला.

"बाई, तीस वर्षं झाली. आता कशाला उकरून काढता?"

"तुम्हीसुद्धा कान उकरताच की," मी म्हटलं. ताईंनी मला कोपर मारलं.

"गोल माझा आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "पाटीवर माझं नाव पाहिजे. तेवढंच."

"तेवढंच नाही होत ते. यादीत नसलेली बाई मैदानात उतरली, हे मी लेखी मान्य केलं, तर नियमाने सामना बाद. तीन-शून्यने हरलो असं धरतात. समजलं? बदनामी देशाची!"

तेवढ्यात कारकुनाने फाइलमधून डोकं वर काढलं. "साहेब, पण मग तेराचे तीन होतात."

अध्यक्षांची किल्ली कानातच थांबली.

"म्हणजे आपला सगळ्यात मोठा पराभव..."

"आठ-शून्यचा उरतो. पाच वर्षांपूर्वीचा."

"आठ! अरे, आठ म्हणजे काहीच नाही! आठ तर कुणीही खातं!" अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "ताई, तुम्ही उभ्या का? बसा ना. अरे, चहा सांगा. ताई, तुमच्यासारखी खरं बोलणारी माणसं कुठे मिळतात हो आजकाल? सत्याचा विजय झालाच पाहिजे. मारा शिक्का!"

कारकुनाने धाडकन शिक्का मारला. मी मूर्ख, मनातल्या मनात पेढे वाटत होते. ताईंनी मात्र विचारलं, "आणि गोल?"

"कुठला गोल? सामनाच बाद म्हटल्यावर गोल कुठून येणार?"

 ताईंनी त्या फुगलेल्या फाइलवर बोट ठेवलं.

"आमच्या गोलकीपरचं बोट मोडलं होतं त्या दिवशी. शेजारच्या बोटाला बांधून उभी राहिली ती. तीस-पस्तीस फटके अडवले, तेरा सुटले. तुम्ही तीन लिहिलंत, तर ती कुठे गेली?"

"अहो, तिचा फायदाच आहे! दहा गोल कमी!"

हे तो मनापासून म्हणाला. ओंगळपणा म्हणजे काय, ते मला त्या किल्लीपेक्षा या वाक्यात जास्त दिसलं.

ताई उठल्या आणि टेबलावरचा अर्ज त्यांनी उचलला.

"अहो बाई, शिक्का पडलाय," कारकून ओरडला. "आता तो महासंघाचा झाला!"

ताईंनी कागदाची घडी घातली. अर्धी, मग पाव, कडेला कड जुळवून, अंगठ्याने दाबून. ती ब्लाउजमध्ये खोचली आणि म्हणाल्या, "या, काढून घ्या."

कुणी आलं नाही.

जिना उतरताना माझा नुसता जळफळाट होत होता. "ताई, हे काय केलंत? आता जन्मभर त्या बयेच्या नावावर!"

"तिच्या नावावर तर तिच्या नावावर. राहील तरी."

पाटीच्या कार्यक्रमाला मी त्यांच्या पाठोपाठ गेले, चोंबडेपणा कुठे जाणार! पाटी चकचकीत होती. तेरा-एक, आणि पुढे मेहुणीचं नाव ठसठशीत कोरलेलं. ती स्वतःही आली होती, केस सेट करून. छात्या काढून आलेले पदाधिकारी तिच्याभोवती, फोटोवाले समोर. ज्या पोरी खरोखर खेळल्या त्या मागच्या रांगेत, उन्हात. अध्यक्ष भाषणात म्हणाले की, महिलांसाठी आम्ही नेहमीच दारं उघडी ठेवली. मला ते संडासाचं दार आठवलं आणि तोंडात पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं ना, तसं.

तेवढ्यात मेहुणी गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आली. ताईंना तिने ओळखलं होतं. कोपऱ्यात ओढून हळूच म्हणते कशी, "अगं, एक विचारू का? ते पेपरवाले विचारतायत, गोल कसा मारला म्हणून. कुठल्या पायाने होता गं?"

मी असते तर 'नाकाने' सांगितलं असतं. वर दोन शेलक्या शिव्याही.

"डाव्या," ताई म्हणाल्या. "कॉर्नरवरून बॉल आला. त्यांच्या एका उंच पोरीच्या डोक्याला लागून खाली पडला. माझी पाठ होती गोलकडे. वळायला वेळच नव्हता, म्हणून तसाच डावा पाय मागे मारला. खांबाला लागून आत गेला."

"बाई गं! एवढं कुठे लक्षात राहणार?"

"म्हण एकदा."

"डावा पाय... खांद्याला लागून..."

"डोक्याला. त्यांच्या पोरीच्या डोक्याला. परत म्हण."

दोनदा घोकून घेतलं ताईंनी तिच्याकडून, पोराकडून पाढे घ्यावेत तसं. मग ती गेली पेपरवाल्यांसमोर आणि बोलायला लागली. माझ्याच्याने ते बघवेना, मी तोंड फिरवलं. ताई मात्र पायाच्या चवड्यांवर उभ्या राहून ऐकत होत्या, आणि एकही शब्द चुकू नये म्हणून तिच्याबरोबर स्वतःचे ओठ हलवत होत्या.