मंगलला पाहायला पाहुणे आले, इन्स्पेक्टर आला नाही

आमच्या नानांना गप्प बसवू शकणारा माणूस अख्ख्या सुरतेत एकच होता, आणि तोही टीव्हीवरचा इन्स्पेक्टर होता.

नाना म्हणजे माझे सासरे. उभा जन्म पांडेसऱ्यात लूमच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मुकादमकी केलेली. चालू लूमच्या खडखडाटात हुकूम सोडायची सवय, त्यामुळे त्यांनी जेवताना मीठ मागितलं की खालच्या मजल्यावरून मीठ यायचं. (खरंच आलं होतं. वाटी परत करायला मीच गेले.) त्यांचा दुसरा गुण म्हणजे खरेपणा. माझी धाकटी नणंद मंगल हिला पाहायला पहिलं स्थळ आलं, तेव्हा नाना म्हणाले, "पोरगी गुणी आहे. फक्त चिडली की आठवडाभर बोलत नाही." दुसऱ्या स्थळाच्या मुलाला त्यांनी सांगितलं की तो कामाला आहे ती मिल लवकरच बंद पडणार. दोन्ही पाहुणे चहा अर्धा ठेवून गेले. मंगल तेव्हापासून पाहुणे म्हटलं की डोळ्यांत पाणी आणायची, आणि माझी सासू हयात नसल्यामुळे ते पाणी पुसायचं काम माझ्याकडे होतं.

म्हणून तिसऱ्या वेळी सगळं मी हातात घेतलं. मी यादी केल्याशिवाय भाजी आणायला जात नाही. यादी केली: खुर्च्या, कप, पोहे, नाना. पहिल्या तीन गोष्टींना शेजारच्या कोकिलाबेन होत्या. चौथ्या गोष्टीला रविवार संध्याकाळ होती.

रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर ती पोलिसांची मालिका लागायची. कित्येक वर्षं चालू होती. ती सुरू झाली की नानांच्या तोंडाला जणू कुलूप. घरात साप निघाला तरी ते हातानेच खूण करत, "बघा जरा त्याच्याकडे."

"पाहुण्यांना मालिकेच्याच वेळेला बोलवायचं," मी ह्यांना सांगितलं. "नाना टीव्हीकडे बघतील, पाहुणे मंगलकडे बघतील. मालिका संपायच्या आत होकार."

"आणि मी?"

"तुम्ही कोकिलाबेनकडून खुर्च्या आणाल."

त्यातून तो रविवार तर फारच सोयीचा होता. आदल्या भागात एक गिरणीवाला शेठ दूध पिऊन मेला होता. इन्स्पेक्टरने घरातल्या सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं, "खुनी याच खोलीत आहे," म्हणाला, बोट उगारलं, आणि भाग संपला! पुढचा आठवडाभर आमच्या सोसायटीत दुसरं कुणी काही बोलत नव्हतं. (मी मालिका पाहत नसे. पोळ्या लाटताना दिसेल तेवढीच. पोळपाट मी टीव्हीसमोर मांडायचे, तो उजेडासाठी.)

पाहुणे पर्वत पाटियाहून वेळेवर आले. मुलगा सुनील कापडाच्या दुकानात नोकरीला. वडील देवरामअण्णा मार्केटातल्या एका पेढीवर मुनीम. आई हसतमुख, पण डोळे सगळीकडे फिरणारे. नमस्कार झाले. मंगल पोहे घेऊन आली. नाना टीव्हीसमोर बसले. मी मनातल्या मनात यादीवर बरोबरच्या खुणा केल्या.

टीव्हीवर केसांत गुलाब माळलेली निवेदिका आली. म्हणाली की काही अपरिहार्य कारणांमुळे ही मालिका आता बंद करण्यात आली आहे. आता पाहू या, दुभत्या जनावरांची निगा.

आणि खरोखर म्हैस आली!

म्हशीला अंघोळ घालणं सुरू झालं, तरी नाना इन्स्पेक्टरची वाट बघत होते. तेवढ्यात कोकिलाबेन दारात. "अमारे त्यां भेंस आवे छे! तमारे त्यां?"

"आमच्याकडे पण म्हैसच आहे," हे म्हणाले.

"आवुं ते कंई चाले?" असं कुठे चालतं का, म्हणत त्या पुढच्या दाराकडे गेल्या.

नानांचं कुलूप उघडलं. "बंद? अशी कशी बंद? मग शेठला मारलं कोणी?"

"जाऊ द्या ना नाना," मी म्हटलं. "पाहुण्यांना पोहे..."

"आम्हीही त्याच काळजीत आहोत," देवरामअण्णा म्हणाले. मला हायसं वाटलं. दोघांचं एक दुःख निघालं, म्हणजे सोयरीक जुळलीच!

"काळजी कसली? खुनी सरळ आहे," नाना म्हणाले. "मुनीम! हिशेबात घोळ केला, शेठला कळलं, संपवलं. मुनीम लोक सगळे सारखेच."

मी नानांच्या पायाला पाय लावला. तो ह्यांचा निघाला.

देवरामअण्णांनी बशी खाली ठेवली. "मी मुनीम आहे," ते शांतपणे म्हणाले. "आणि मला विचाराल, तर खून त्या मिलच्या मुकादमाने केला. कामगारांचे पैसे खाणारा तोच."

"मुकादम?" नाना उठले. "मी मुकादम होतो!"

"हो, मला माहीत आहे!"

एवढा वेळ दोघं पाहुण्यांसमोरचं मराठी बोलत होते. आता घरची अहिराणी सुरू झाली.

"तो मुनीमच शे! मी सांगस तुमले!"

"काही सांगू नका! त्याम्हा मुकादमनाच हात शे!"

नानांचा आवाज लूमवरचा होताच, पण देवरामअण्णाही कमी नव्हते. टीव्हीवरची म्हैस ओरडत असावी, तिचं फक्त तोंड हलताना दिसत होतं. खालून कोणीतरी विचारलं, "मीठ पाहिजे का?"

"अहो, भांडता कशाला?" मुलाची आई मध्ये पडली. देव भलं करो या बाईचं, असं मला वाटलं. ती म्हणाली, "मुनीमही नाही न मुकादमही नाही. थोरली सून! घराच्या किल्ल्या तिच्याकडे, सगळा कारभार तिच्या हातात, सासरा डोईजड झालेला. अशा बायका काहीही करतात."

आता, मी या घरची थोरली सून. किल्ल्या माझ्या कमरेला. कारभार माझ्या हातात. सासऱ्यांविषयी मी इथे काही लिहीत नाही.

मला हसून "चहा आणते" म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "सुनेला कशाला गोवता? ती दिवसभर राबत होती! दूध गरम कोणी केलं? सासूने! ग्लास कोणी विसळला? सासूने! शेठ मेला तेव्हा रडण्याआधी तिजोरीकडे कोणी पाहिलं? सासूने! सुनेवर आळ घेणारी सासूच खुनी असते, हे पहिल्या दहा मिनिटांत कळत होतं!"

नानासुद्धा गप्प!

"तू तर मालिका पाहत नाहीस," हे म्हणाले. (लग्नाला इतकी वर्षं झाली. बोलायची वेळ यांना अजून कळत नाही.)

मुलाच्या आईने पदर सावरला. "ऐकलंत? ही मला खुनी म्हणते." देवरामअण्णा उठले, चपला शोधू लागले. मी मंगलकडे बघायचं टाळलं. तिसरं स्थळ! आणि या वेळी नानांनी नाही, मी घालवलं.

"सुनील, चाल घर!" देवरामअण्णांनी हाक मारली.

सुनील नव्हता. जिन्यात नाही, गॅलरीत नाही. मी स्वयंपाकघरात पाहिलं, तर स्वारी पाटावर बसून पोहे खात होती आणि मंगल वरून खोबरं पेरत होती. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. चक्क हसत होती.

"काय रे, तू इथे?" आईने विचारलं.

"तिकडे फार आवाज होता," तो म्हणाला. "ह्यांना विचारत होतो, रोज असंच असतं का. ह्या म्हणाल्या, फक्त नाना बोलतात तेव्हा."

"तुला काय वाटतं, खुनी कोण?" नानांनी दारातून विचारलं.

"मी नाही पाहत ती मालिका. दुकानातून आलो की झोपतो."

"मलापण तिचा कंटाळा येतो," मंगल म्हणाली.

दोन्हीकडचे वडील त्या दोघांकडे बघत राहिले. असली माणसं आपापल्या घरात वाढली कशी, हे त्यांना कळेना. मग पाहुणे सुनीलला घेऊन निघून गेले. मी खुर्च्या पुसल्या, कप मोजले, कोकिलाबेनकडे पोचवले आणि न जेवता पडून राहिले. मंगलने पांघरूण घातलं. चिडलेली नव्हती, तेच जास्त लागलं.

दोन दिवसांनी मध्यस्थ आले. मुलाने हट्ट धरला आहे, हीच मुलगी पाहिजे. घरच्यांचा होकार आहे. हुंडा नको, मानपान नको. फक्त एक अट.

"नानांना बोलू देऊ नका, असंच ना?" मी म्हटलं. "त्याची काळजी सोडा. मी करते व्यवस्था."

मध्यस्थांनी चहाचा घोट घेतला, ह्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं.

"नानांचं काही नाही," ते म्हणाले. "नाना मोकळ्या मनाचे आहेत, असं देवरामअण्णाच म्हणाले. पण लग्न लागेपर्यंत त्या थोरल्या सूनबाईंना आमच्या माणसांशी बोलू देऊ नका, म्हणतात. फार बोलतात."

मला यावर पुष्कळ काही बोलायचं होतं. पण मध्यस्थही त्यांच्याच माणसांपैकी निघाले!