हलकं काम

मेघालीची पोर पूर्वी सात वर्षांची झाली तरी 'क' आणि 'फ'ची तिची गल्लत सुटेना. आज शिकवलेलं उद्या पाटी पुसल्यासारखं जायचं. शाळेतल्या बाई काही बोलल्या की मेघाली मान खाली घालायची, कारण दोष पोरीच्या आईचाच, हे शेलारांच्या घरात केव्हाच ठरलं होतं. पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरू नये, आणि हिने कांदा चिरला होता.

"गिराणात इळीवर बसलीस, त्याचं हे," सासू ठकुबाई उठताबसता ऐकवायची. मेघालीनेही ते मुकाट मानलं. एका कांद्यापायी बाई सात वर्षं स्वतःला खात होती!

शेवटी शाळेने ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्यांनी पूर्वीला चित्रं दाखवली, ठोकळे रचायला दिले आणि मेघालीला विचारलं, "गरोदरपणी काम काय करत होतात?"

"पूर्णा गावात गोडाऊनला हाय मी. पन तवा हलकं काम व्हतं, म्याडम. वझं न्हाय."

पोटुशी बाईला ओझं उचलू द्यायचं नाही, हा गोडाऊनचा रिवाज. सुपरवायझर मनोज भला माणूस. तो अशा बाईला आतल्या खोलीत स्टुलावर बसवायचा, पिंपातला, रंग पातळ करायचा थिनर छोट्या बाटल्यांत भरायला. खोलीला खिडकी नाही. डोकं जड व्हायचं, मळमळायचं. पण दिवस गेल्यावर मळमळायचंच, त्यात नवल ते काय?

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण असल्या वाफांनी पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते. ग्रहणाचा काही संबंध नाही."

कांदा सुटला, पण मेघाली ताडकन उठली. तिची धाकटी जाऊ दिपाली पाच महिन्यांची गरोदर होती. गेल्याच महिन्यात मेघालीने मनोजला गळ घालून तिला त्या स्टुलावर बसवलं होतं.

पूर्वीचा हात धरून ती तडक गोडाऊनला आली. दिपाली नाकाला ओढणी लावून बाटल्या भरत होती.

"ऊठ."

"ताई, थोड्याच ऱ्हायल्यात."

"ऊठ म्हनते ना!"

"पन तुमीच तर बोललात, हलकं काम हाय. तुमीबी हितंच बसायच्या ना?"

मेघालीने दोन्ही हातांनी पूर्वीचे कान झाकले.

"बसायचे. म्हनून तर ही अशी हाय. ऊठ."