नानांचं पान आणि माझं धूम्रपान

आमच्या गावच्या समाजमंदिरात बिडी बंद करणारा मीच. आणि बंदीनंतर तिथे बिडी ओढताना सापडलेला दुसरा माणूसही मीच. (पहिल्याचंही सांगतो, धीर धरा!)

मी निवृत्त मास्तर, विषय मराठी. मुलगी वनिता नर्स. दोन वर्षांपूर्वी तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घातली, "आप्पा, मन्ही आन शे. बिडी सोडा!" मी सोडली. म्हणजे घरात सोडली! गोठ्यामागे काय चालायचं ते म्हशीला ठाऊक.

हिवाळ्यात समाजमंदिराची दारं-खिडक्या लावून सभा भरायची आणि आत इतका धूर व्हायचा, की कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखावं लागे. वनिता म्हणाली, "आप्पा, बंदीना ठराव तुमीच मांडा. तुमी सोडेल शे ना!" आता काय बोलणार?

ग्रामसभेत आडवे आले शेजारचे नाना. वय बहात्तर. "मास्तर, सुपारी फोडाले पाव्हना येतस. ताटलीमा बिडी नही ठेवी तं त्यासना मान काय राहीन?"

"नाना, आरोग्य महत्त्वाचं!"

"अन् कोनी मरनं, दुखमा बसाले येस त्या मानूसले बिडीसाठे उनमा बसाडशात का?"

मी उत्तरादाखल असं भाषण ठोकलं, की जेवणाची वेळ टळेल या भीतीने लोकांनी हात वर केले. नानांनीसुद्धा! सापडेल त्याने सगळं समाजमंदिर झाडायचं, ही शिक्षाही मीच सुचवली. (कुणी विचारलं होतं का मला?)

बंदीची पाटी रंगवायला आलेला पेंटर म्हणाला, "मास्तर, 'बिडी पेवानी नही' अशे लिखू का?"

माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर शुद्धलेखन शिकवलेला माणूस मी! लिहून दिलं : 'धूम्रपान सक्त मना आहे.'

तिसऱ्या आठवड्यात पाहतो तर नाना बरोब्बर पाटीखाली बसून झुरके मारताहेत!

"नाना! पाटी वाचा!"

"वाची ना! पान मना शे. तीन आठवडा व्हयनात, आठे मी एक पान खादं नही!"

सगळे खो खो हसले. मीही हसून सोडून द्यायला हवं होतं. पण माझ्यातला मास्तर उठला. मी नानांच्या हातात झाडू दिला. म्हातारा वाकून, कोपरा न् कोपरा झाडत होता आणि मी चुका काढत होतो. आजही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मग त्याच समाजमंदिरात वनिताचा साखरपुडा आला. ताटलीत सुपारी, लवंग, बडीशेप. बिडी नाही. व्याही दर दोन मिनिटांनी ताटलीत डोकावत आणि चेहरा पाडत. मला घाम फुटला. तेवढ्यात वनिता कौतुकाने त्यांना म्हणाली, "आमना आप्पानी आधी सोता सोडी, मंग गावले सोडाले लाई!"

हे ऐकून मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की ताबडतोब एक बिडी ओढावीशी वाटली!

स्टेजमागच्या अडगळीच्या खोलीत शिरलो. दार लोटलं. दोनच झुरके, देवाशप्पथ! पण त्या खोलीचा झरोका स्टेजवर उघडतो, हे मला काय ठाऊक? तोही नेमका 'धूम्रपान'च्या पाटीच्या डोक्यावर! पाटीवरून धूर निघायला लागला.

"आग लागनी! पानी आना रे!" कुणीतरी ओरडलं.

नाना तेव्हा बाहेर निंबाखाली, भर उन्हाच्या वेळी, नियम पाळत एकटे बिडी ओढत होते. त्यांनी ती फेकली, हात धुवायची बादली उचलली, लाथेने दार उघडलं आणि फस्सदिशी सगळी माझ्या अंगावर! नवा सदरा, नवी टोपी आणि ओठाला चिकटलेली ओली बिडी. नानांच्या मागे व्याही. व्याह्यांच्या मागे वनिता.

"काय व्हयनं?" व्याही.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. माझी अब्रू त्यांच्या मुठीत होती.

"काही नही पाव्हना," नाना म्हणाले. "मास्तर पान खाई ऱ्हायंतात."

व्याह्यांचा चेहरा उजळला. "तं मंग माले बी एक पान द्या ना भो! मी कवफाईन ताटलीमा दखी ऱ्हायनू!"

नाना त्यांना निंबाखाली घेऊन गेले. सोयरीक वाचली.

वनिता मात्र हसली नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. तिच्या डोक्यावर ठेवला होता त्याच. मग गेली आणि झाडू घेऊन आली. "आप्पा, ल्या."

पाहुणे जेवत होते आणि मुलीचा बाप ओल्या सदऱ्यात समाजमंदिर झाडत होता! नाना दारातून एवढंच म्हणाले, "मास्तर, तो कोपरा राही गया."

बिडी त्या दिवशी सुटली. वनिताचा विश्वास बसलाय का, ते विचारायचा धीर झालेला नाही. पाटी मात्र बदलली. मजकूर नानांनी सांगितला : 'आठे बिडी पेवानी नही. मास्तर, तुमी बी!' माझ्या गावात शुद्धलेखनाची इतकी मोडतोड केलेली पाटी दुसरी नाही, आणि अर्थ न कळलेला माणूसही एक नाही.