युसूफचे तळवे मी पाहिले होते

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. सुशीलाच्याही नाही. ती गेली — आता लपवायचं कुणापासून?

शारजात, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये आम्ही हॉलमध्ये प्लायवूडची भिंत ठोकून एक भाडेकरू ठेवायचो. परवानगी नव्हती. ठेवतात सगळेच. तिथे युसूफ आला. त्याच्या देशाचं नाव लिहीत नाही. तिकडच्या पोलिसांनी कोठडीत त्याचे तळवे फोडले होते, जखमा ओल्या होत्या अजून. पायाच्या कडांवर चालायचा. सुशीला परातीत मिठाचं गरम पाणी घेऊन बसली तर म्हणाला, "भाभी, आप मत देखो."

"चुप बैठ. बहन नहीं देखेगी तो कौन देखेगा?"

परात मी धरली होती. म्हणजे मी पाहिलं ना? सगळं पाहिलं.

पुढे तो युरोपात पोचला. मला परत पाठवू नका, पुन्हा छळतील, असा अर्ज केला. तिथला अधिकारी म्हणे, हे व्रण बांधकामाच्या साइटवरच्या कामाचेही असतील. युसूफने माझं नाव दिलं. त्याच्या कचेरीतून मला फोन आला, मध्ये हिंदी बोलणारी दुभाषी बाई — तुम्ही काय पाहिलं तेवढं सांगा.

मी — मी म्हटलं, या माणसाला मी ओळखत नाही.

प्लायवूडचं कळलं तर घर जाईल, व्हिसा जाईल, ही भीती. दुसरं काही नाही. सुशीलाने स्वयंपाकघरातून विचारलं, "सांगितलंत ना सगळं?" म्हटलं, सांगितलं, खलास.

अर्ज फेटाळला. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा कुठे मला राहवेना. त्याच्या वकिलाला मीच फोन लावला — आता खरं सांगतो. तो म्हणाला, आता जज नवी साक्ष ऐकत नाही. अधिकाऱ्यापुढे जे होतं त्यावरून त्याने नीट निर्णय दिला का, एवढंच बघतो. आणि त्याच्यापुढे काय होतं? माझं 'ओळखत नाही'.

निर्णय बरोबर ठरला. युसूफला विमानात बसवलं. त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही.

"अहो, तुमचंसुद्धा ऐकलं नाही त्यांनी?" सुशीलाने विचारलं. मी 'नाही' म्हणून मान हलवली.

आजारपणात तिला भेटायला बायका यायच्या. त्यांना सांगायची, यांनी त्या पोरासाठी साक्ष दिली होती. दम लागायचा, तरी सांगायची. मी शेजारी बसून चहा प्यायचो.

तसंच जाऊ दिलं मी तिला.