रेकॉर्डिंग बंद केल्यावर

देवपूरला मित्राच्या घरी आम्ही सॉफ्टवेअरवाले रविवारी जमतो. पोटापाण्याचं काम आधी सांगायचं, मग हौसेचं दाखवायचं. मी आईची अहिराणी समजणारा प्रोग्राम करत होतो. त्यासाठी तिचं बोलणं कित्येक दिवस फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ती गेल्यानंतर, परवा, ते पहिल्यांदा सगळ्यांना ऐकवलं.

मित्र म्हणाला, "ही तर शाळेतली मराठी आहे."

खरंच होतं. फोन समोर ठेवला की आई डोक्यावर पदर घ्यायची आणि साहेबाशी बोलावं तसं बोलायची. 'आहे'च्या जागी एकदाही 'शे' नाही, 'सगळं'च्या जागी 'बठ्ठं' नाही. तेव्हा मला गाढवाला त्याचं कौतुक वाटायचं.

रेकॉर्डिंग बंद केलं की ती दर वेळी विचारायची, "बठ्ठं बराबर शे ना?"